मला सगळंच लागतं

मला गाडी लागते. बस लागते, बोट लागते, टॅक्सीत मागे बसून फोनवर पत्ता शोधला तर दोन सिग्नलांच्या अंतरातही लागते. त्यामुळे दादाने राइड पार्कचा चार दिवसांचा बेत आखला तेव्हा मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण नऊ वर्षांच्या भाचीने "सगळ्या राइड्समध्ये आत्या माझ्या शेजारी" असं परस्पर जाहीर करून टाकलं, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही. दादा, वहिनी, पंधरा वर्षांचा भाचा, ही धाकटी आणि मी, असे पाच जण निघालो.

पार्कचं नाव मुद्दाम सांगत नाही. जे काय झालं ते माझ्या कानात झालं, त्यांची यंत्रं ठणठणीत होती.

पहिला दिवस

उलटीची गोळी पर्समध्ये होती. घेतली नाही. दोन-तीन वर्षांत फारसा त्रास झाला नव्हता, तेव्हा वयाबरोबर गेलं असेल असं मी धरून चालले होते. तसं ते कमी होतंही. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही, दोन ते बारा हा सगळ्यात वाईट काळ, पुढे उतार पडत जातो. फक्त बायकांना पुरुषांपेक्षा जास्त लागतं आणि अर्धशिशीवाल्यांना इतरांपेक्षा जास्त लागतं. मी बाईही आहे आणि अर्धशिशीवालीही. हे गणित मी सकाळी मांडलं नाही.

आत शिरल्या शिरल्या भाच्याने सगळ्यात उंच रोलर कोस्टरकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "आधी काहीतरी सौम्य घेऊ." आणि शहाणपणाने कपबश्या निवडल्या.

कपबशीला कोण घाबरेल? रांगेत आमच्यापुढे तीन-चार वर्षांची पोरं उभी होती. १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं तेव्हापासून हा प्रकार चालत आलाय. दिसायला गोजिरवाणा, पण आत तीन गरगरणं एकात एक बसवलेली असतात. खालचा मोठा चौथरा फिरतो, त्यावरच्या छोट्या तबकड्या फिरतात आणि तबकडीवरचा कप आपण मधलं चाक फिरवू तसा फिरतो. धाकटीने ते चाक दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जीव लावून फिरवायला सुरुवात केली. पहिलं अर्धं मिनिट मी हसत होते. मग तिचा फोटो काढावा म्हणून पायाशी ठेवलेल्या पर्समधला फोन घ्यायला वाकले.

तिथेच घात झाला.

प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत पातळ द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते पण द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यावरून मेंदूला वळणं कळतं. पाण्याने भरलेला तांब्या जागच्या जागी फिरवून बघा. आधी तांब्या फिरतो, पाणी तसंच असतं. फिरवतच राहिलं तर पाणीही त्याच्याबरोबर फिरायला लागतं. आणि तांब्या थांबवला तरी पाणी फिरतच राहतं. एकाच वेगाने गोल फिरत राहिलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत कानाला फिरणं जाणवेनासं होतं, कारण द्रवाने वेग पकडलेला असतो. अशात डोकं खाली वाकवलं की फिरण्याच्या पातळीतली नळी त्यातून बाहेर जाते आणि दुसरीच नळी आत येते. एक म्हणते थांबलो, दुसरी म्हणते आत्ता सुरू झालं. मेंदूला वाटतं आपण कोलांटी मारतोय. गोल फिरताना डोकं हलवणं हा मळमळ आणण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. प्रयोगशाळेत माणसांना मुद्दाम आजारी पाडायचं तर फिरत्या खुर्चीत बसवून नेमकं हेच करायला सांगतात.

फोटो आला नाही. कप थांबला, मी उतरले, आणि समोरचं आइस्क्रीमचं दुकान हळूहळू डावीकडे सरकत राहिलं.

इथे बसायला हवं होतं. अर्धा तास, सावलीत, गप्प. पण पाच जणांच्या सहलीत एकाने बसायचं म्हणजे चौघांचा खोळंबा, आणि माझ्यासारख्या माणसांना आयुष्यभर "झालं का हिचं सुरू" ऐकायची सवय असते. मी म्हटलं, "काही नाही, चला."

चलून आम्ही गेलो ते झुलत्या जहाजाकडे. चाच्यांचं मोठं लाकडी जहाज, झोपाळ्यासारखं पुढे-मागे जाणारं. भाचा म्हणाला, "अगदी टोकाला बसू, खरी मजा तिथे." टोकाला बसलो. वेग असा काही नव्हता, पडायची भीतीही नव्हती. पण तिसऱ्या-चौथ्या झोक्याला तोंडात पाणी जमायला लागलं. मानेवर गार घाम आला. आणि जांभया, एकामागून एक. मला वाटलं रात्रीची झोप झाली नाही.

उलटीच्या खूप आधी जांभया येतात, सुस्ती येते, कशात मन लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेत ग्रेबील आणि नेप्टन या दोघांनी १९७६ साली या सुस्तीला वेगळं नाव दिलं, सोपाइट सिंड्रोम. कुणाकुणाला मळमळ होतच नाही, नुसती ही पेंग येते. गाडीत बसल्या बसल्या झोपणारी माणसं आठवून बघा.

जहाजातून उतरून मी बारा पावलं चालले. तेराव्याला कचऱ्याचा डबा मिळाला, हे नशीब. सफाईवाला मुलगा शांतपणे पाण्याची बाटली देऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता.

"अगं, लहान मुलांचा झोका तो!" दादा म्हणाला.

त्यानंतर पर्समधली गोळी घेतली. अगदी निरुपयोगी. एकदा मळमळ सुरू झाली की पोट आपलं काम थांबवतं, गोळी तिथेच पडून राहते, पडून राहिली तर. बाकीचा दिवस मी एका बाकावर चौघांच्या पिशव्या सांभाळत काढला.

रात्री आडवी झाले तर पलंग झुलत होता. त्याच सहा सेकंदांच्या तालात. सहा सेकंद हे मी नंतर मोजले, पुढे येईलच. डोळे मिटून पडल्या पडल्या एक जुनं कोडं आठवत होतं. डोळे आणि कान यांची साक्ष जुळली नाही तर चक्कर यावी हे ठीक, पण त्यासाठी जेवण बाहेर टाकायचं काय कारण? ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक उत्तर मांडलं होतं. उत्क्रांतीच्या काळात असा गोंधळ व्हायचं नेहमीचं कारण म्हणजे विष पोटात जाणं. मेंदूला इंद्रियांत फाटाफूट दिसली की तो विषबाधा धरून चालतो आणि पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण मला त्या रात्री फार पटलं. माझा मेंदू मला वाचवत होता, कपबशीपासून.

दुसरा दिवस

सकाळी गोळी, पार्कात शिरायच्या एक तास आधी. माझी मेक्लिझिनची, डॉक्टरांनी लिहून दिलेली. धाकटीसाठी वेगळं विचारून ठेवलं होतं, मोठ्यांची गोळी अर्धी करून पोरांना द्यायची नसते. आणि थोडं खाऊनच निघाले. रिकाम्या पोटी राहिलं म्हणजे उलटीला काही उरणार नाही, ही समजूत मीही वर्षानुवर्षं बाळगली होती. रिकाम्या पोटी उमाळे येतात ते जास्त वाईट. तुडुंब नको आणि तेलकट नको, एवढंच.

गोळीने झोप येते. दहाच्या सुमाराला मी रांगेतल्या कठड्यावर कोपर टेकून उभ्या उभ्या पेंगत होते. पुढच्या बाईच्या कानामागे त्वचेच्या रंगाची गोल चकती चिकटवलेली दिसली, नाण्याएवढी. स्कोपोलामिन या मळमळीवरच्या औषधाचा पॅच. निदान चार तास आधी लावावा लागतो, तीन दिवसांपर्यंत चालतो. तिने सांगितलं की मळमळ गेली पण घसा सारखा कोरडा पडतो, आणि पहिल्या दिवशी पॅच लावून हात न धुता डोळा चोळला तर बराच काळ त्या डोळ्याने धूसरच दिसत होतं. काचबिंदू असणाऱ्यांनी या वाटेला जायचं नाही. आमच्या गप्पा रंगल्या. सख्ख्या बहिणीशी मी कधी उलटीबद्दल इतकं मोकळं बोलले नसेन.

ही रांग होती भाच्याच्या उंच कोस्टरची. उंची पाटीवर लिहिली होती, मी वाचली नाही. पण एक हट्ट धरला, बसेन तर पहिल्या ओळीत. पहिल्या ओळीसाठी वेगळी रांग, चाळीस मिनिटं जास्त. भाच्याने डोळे फिरवले. मी म्हटलं, "ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली बघितलीस?"

लागत नाही, कारण वळण येतंय हे त्याला आधी दिसतं. गाडी झुकायच्या आधी त्याची मान झुकलेली असते. कोस्टरवर सुकाणू हातात नसतं, पण पहिल्या ओळीत बसलं तर रूळ दिसतो. पुढे उतार आहे, मग डावं वळण, मग लूप. कानाला जे कळणार ते डोळ्याला अर्धा सेकंद आधी कळलेलं असतं, मग भांडण उरत नाही. म्हणून खऱ्या रुळावरच्या राइडवर डोळे उघडे ठेवायचे आणि रुळाकडे लांब बघायचं. भीतीने डोळे मिटणारा माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो.

मांड्यांवर अडकवायचा लॅप बार खाली आला. डोकं मागच्या उशीला घट्ट टेकवलं. चढताना साखळीचा कट्-कट् आवाज येत होता आणि मी श्वास मोजत होते, चार आकडे आत, सहा बाहेर. धाकटीने माझं मनगट धरलं होतं. वर पोचल्यावर एक क्षण काहीच आवाज नाही. मग आम्ही पडलो.

ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. पोट जागेवरून सुटल्यासारखं वाटलं, डोळ्यांतून पाणी आलं, लूपमध्ये आकाश पायाखाली गेलं, आणि दोन मिनिटांत सगळं संपून आम्ही परत फलाटाला लागलो. मी मळमळ शोधत होते. नव्हतीच! हातपाय लटपटत होते, छाती धडधडत होती, पण तोंडाला पाणी सुटलं नव्हतं, जांभई नव्हती. निव्वळ भीती वाटली होती. भीतीचं मला काही वाटत नाही, ती उतरल्यावर जाते.

हे मला चाळिशीत कळावं याचा थोडा रागच आला. मी आयुष्यभर भीती आणि मळमळ एकाच पारड्यात टाकत होते. राइड जितकी भयंकर दिसेल तितकी ती लागणार, असा हिशेब. पार्कवालेही पाट्यांवर एकच रंग लावतात, हिरवी सौम्य, लाल थरारक. कपबश्या हिरव्या. जहाज पिवळं. कोस्टर लाल. माझ्या कानाच्या लेखी ही यादी बरोब्बर उलटी आहे. कोस्टरचे धक्के जोराचे, पण एकेक धक्का सेकंद-दीड सेकंदाचा, आणि सगळा खेळ दोन मिनिटांत आटपतो. मळमळ साठत जाते, तिला वेळ लागतो. तिला संथ, एकसुरी, न संपणारं डोलणं आवडतं.

आता ते सहा सेकंद. दुपारी बाकीचे जेवत असताना मी जहाजासमोर उभं राहून फोनवर वेळ लावली. एका टोकाहून निघून परत त्याच टोकाला यायला साधारण सहा सेकंद. समुद्रप्रवासातल्या आजारावर माणसांना वर-खाली हलवून जे प्रयोग झाले, त्यांत सगळ्यात जास्त उलट्या सेकंदाला ०.२ हेलकावे, म्हणजे पाच सेकंदांना एक हेलकावा, याच्या आसपास झाल्या होत्या. त्याहून जलद हलवलं तर त्रास कमी, फार संथ हलवलं तरी कमी. घोड्यावर बसून कुणाला ओकारी येत नाही, उंटावर आणि जहाजावर येते. चाच्यांचं जहाज बांधणाऱ्याने बहुधा फक्त झोक्याची लांबी ठरवली असेल. पण तेवढ्या लांबीचा झोका त्या आकड्याच्या अगदी जवळ जाऊन बसतो.

लूपबद्दल भाच्याने जेवताना विचारलं, की तो पूर्ण गोल का नसतो, वर निमुळता का? हे मला माहीत होतं, त्यामुळे थोडा भाव खाल्ला. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाची लूपची गाडी होती, तिचा लूप अगदी गोल होता. गोल लूपमध्ये शिरताना भार एकदम अंगावर आदळतो. लोकांच्या माना आखडायच्या, ती फार वर्षं चालली नाही. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये रेव्होल्यूशन आली, तिचा लूप जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने थेंबाच्या आकाराचा केला. शिरताना वळण मोठं, वर जाताना आवळत जाणारं, त्यामुळे भार हळूहळू चढतो. आज आपण लूपमधून हसत बाहेर येतो ते त्या थेंबामुळे.

"मग कपबश्या कुणी सुधारल्या नाहीत का?" धाकटीने विचारलं. उत्तर नव्हतं.

संध्याकाळी एक चूक केलीच. अंगात वारं भरलेलं, म्हणून उलट्या तोंडाने धावणाऱ्या छोट्या कोस्टरवर बसले. पाठ पुढे, तोंड मागे. निघून गेलेला रूळ दिसतो, येणारा दिसत नाही. दीड मिनिटाची राइड, पण उतरले तेव्हा जीभ जड झाली होती आणि एक जांभई येऊन गेली. या वेळी मात्र मुकाट्याने बाकावर बसले. पंचवीस मिनिटं, सावली, घोट घोट पाणी, लांबच्या झाडाच्या शेंड्यावर नजर. गेली. पहिल्या जांभईला थांबलं तर ती परत फिरते.

तिसरा दिवस

दुपारभर पाऊस, म्हणून सगळा दिवस छपराखालच्या राइड्सचा. म्हणजे पडदे. मोठा गोल पडदा, डोळ्यांवर थ्रीडी चष्मा, आणि खुर्ची जागच्या जागी कलणारी, हादरणारी. पडद्यावर आपण दऱ्याखोऱ्यांतून सुसाट उडतोय, प्रत्यक्षात वीतभरही पुढे जात नाही.

हे गाडी लागण्याच्या नेमकं उलट आहे. गाडीत पुस्तक वाचताना कान म्हणतो हलतोय, डोळा म्हणतो स्थिर. इथे डोळा म्हणतो उडतोय आणि कान म्हणतो कुठे काय. म्हणून उपायही उलटा. रुळावर डोळे उघडे ठेवायचे, पडद्यापुढे मिटायचे. मिटले की उरते फक्त हादरणारी खुर्ची, आणि हादरणाऱ्या खुर्चीने कुणी ओकत नाही. अगदीच बघायचं असेल तर चष्मा काढून पडद्याच्या कडेकडे, छताकडे, शेजाऱ्याच्या डोक्याकडे बघायचं. खरी खोली डोळ्याला दिसली की तो भानावर येतो. मी राइडमध्ये तीनदा डोळे मिटले आणि तीनदा उघडले. धाकटीला आधीच शिकवून ठेवलं होतं, ती तर पूर्ण वेळ बोटांच्या फटीतून बघत होती.

वहिनींनी सकाळपासून दोन्ही मनगटांवर पट्टे बांधले होते, आतल्या बाजूला मनगटाखाली तीन बोटांवर गुंडी दाबणारे. त्यांना त्याने बरं वाटतं. अभ्यासांत याचे निकाल कधी असे, कधी तसे, आल्याच्या वड्यांचेही तसेच. मी दोन्ही करून बघितलं आहे आणि माझ्यावर परिणाम शून्य. पण वहिनी चारही दिवस ताज्यातवान्या होत्या, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या पडद्याच्या रांगेत सव्वा तास उभं राहायचं होतं. तिथे मी त्यांना अकरा बहिऱ्यांची गोष्ट सांगितली. १९५८ पासून पुढे दहाएक वर्षं अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधले अकरा बधिर पुरुष प्रयोगांसाठी घेतले होते. त्यांतल्या दहा जणांना लहानपणी मेनिंजायटिसने बहिरेपण आलं होतं, आणि त्याच आजारात आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. त्यांना काहीच लागत नसे. चौघे जण मिनिटाला दहा फेऱ्या घेणाऱ्या खोलीत सलग बारा दिवस राहिले. एकदा त्यांना कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. हे लोक निवांत पत्ते खेळत बसले आणि अभ्यास करायला आलेले संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग गुंडाळून परत यावं लागलं.

"म्हणजे तुझा कान जरा जास्तच चांगला आहे म्हणायचा," भाचा म्हणाला. इतकी वर्षं मला हे कुणी अशा शब्दांत सांगितलं नव्हतं.

दादा मध्येच म्हणाला, "हे सगळं मनाचे खेळ असतात गं. मनात आणायचंच नाही." आणि आम्ही आत गेलो.

ती राइड साडेचार मिनिटांची होती. दादा सगळ्या वेळात डोळे फाडून बघत होता, कारण त्याने पैसे भरले होते. बाहेर आल्यावर तो काही बोलला नाही. थोडं चालला. मग भिंतीला हात टेकून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा कच्च्या केळ्याच्या सालीसारखा झालेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सकाळी गोळी त्याने घेतली नव्हती, त्याला कशाला लागते गोळी! मी त्याला बसवलं, शर्टाचं वरचं बटण सोडलं, मान मागे टेकवली, पाण्यात भिजवलेला रुमाल मानेवर ठेवला. "डोळे मीट. बोलू नकोस. श्वास मोज." पर्समधली कागदी पिशवी उघडून हातात दिली. उलटी झाली नाही, पण वीस मिनिटं तो पिशवीकडे ज्या एकाग्रतेने बघत होता, तसा तो कधी माझ्याकडेही बघितलेला आठवत नाही.

मी एक शब्दही टाकून बोलले नाही. म्हणजे तेव्हा नाही. रात्री मात्र गार्न काढला. १९८५ साली जेक गार्न नावाचे अमेरिकन सिनेटर डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेले आणि त्यांना तिथे इतकं लागलं की नासातले लोक गमतीने अंतराळातल्या मळमळीचं मापच गार्नमध्ये सांगायला लागले. एक गार्न म्हणजे याहून जास्त शक्य नाही. धाकटीने दादाला पाव गार्न दिला. मला पहिल्या दिवसाचा अर्धा. दादाने तक्रार केली नाही, फक्त विचारलं, "ती पिशवी तू नेहमी बाळगतेस?"

फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये २००३ साली मिशन स्पेस नावाची राइड सुरू झाली, तिथे प्रवाशांना खरोखर गरगर फिरवून उड्डाणाचा दाब देतात. त्या राइडमध्ये समोरच उलटीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. २००६ साली त्यांनी न फिरणारा दुसरा पर्यायही सुरू केला. जगातले एवढे मोठे पार्कवाले पिशवी ठेवतात, तर मी पर्समध्ये ठेवायला कशाला लाजू?

चौथा दिवस

फक्त अर्धा दिवस. आज गोळी न घेता बघू असा विचार आला. तीन दिवसांत शरीराला सवय झाल्यासारखी वाटत होती. सवय हाच खरा उपाय, खलाशांना आणि वैमानिकांनाही तोच लागू पडतो, पण त्याला दिवसचे दिवस लागतात आणि बोटीची सवय कपबशीला चालत नाही. शिवाय संध्याकाळी बस होती. गोळी घेतली.

मुलं दोनदा उंच कोस्टरवर गेली, एकदा मीही गेले. मधल्या ओळीत, कारण रांग लहान होती. पुढच्या डब्यांच्या पाठी सोडल्या तर काही दिसत नव्हतं, तेव्हा नजर लांब डोंगराच्या रेषेवर ठेवली. चाललं. कपबश्यांच्या बाजूने जाताना धाकटीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिने हट्ट केला नाही. दादा तिला घेऊन गेला आणि बाहेर येताना जरा रुंद पावलं टाकत आला.

आणि जहाज. मला ते सोडवत नव्हतं. या वेळी बरोब्बर मधल्या बाकावर बसले, डोलकाठीखाली. टोकाचा माणूस दोन मजले वर-खाली होतो, मधला जवळजवळ जागच्या जागी कलतो. भाचा टोकाला बसून दोन्ही हात वर करून ओरडत होता. माझ्याबरोबर मध्ये एक आजोबा आणि एक गरोदर बाईची पर्स सांभाळणारा तिचा नवरा. आम्ही तिघे मान ताठ ठेवून समोरच्या झाडांवर नजर लावून बसलो होतो, फोटो काढायला बसवल्यासारखे. चौदा झोके मोजले. उतरले, बारा पावलं चालले, तेरावं टाकलं, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून पुढे गेले. तोच सफाईवाला मुलगा होता. त्याने ओळखलं की नाही कोण जाणे, मी मात्र हात केला.

बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरली. धाकटी शेजारी. शहराबाहेर वळणं सुरू झाली आणि पंधराएक मिनिटांनी ती म्हणाली, "आत्या, मला सारख्या जांभया येतायत."

तिच्या हातातलं चित्रांचं पुस्तक काढून घेतलं, तिला खिडकीत बसवलं, डोकं सीटला टेकवलं, खिडकी चार बोटं उघडली आणि पुढच्या काचेतून रस्ता दाखवला. "आता वळण कुठल्या बाजूला येणार ते तू मला आधी सांगायचं."

"डावीकडे," ती म्हणाली. बस डावीकडे वळली. "आता उजवीकडे."

मागच्या सीटवर दादा फोनमध्ये चार दिवसांचे व्हिडिओ बघत होता. दहाव्या की अकराव्या वळणाला त्याने माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"ती पिशवी कुठे ठेवलीयस?"